संगणकावरचा खर्च आणि परताव्याचे गणित

कापड गिरणीत नवा माग बसविला की त्याचा हिशेब मांडणे अवघड नसते. माग दिवसाकाठी किती मीटर कापड विणतो, त्याला वीज किती लागते, कारागीर किती लागतात, हे आकडे हाताशी असले की त्याची किंमत किती वर्षांत वसूल होईल ते सांगता येते. संगणक प्रणालीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती कापड विणत नाही, औषध बनवीत नाही, माल वाहून नेत नाही. ती या सर्व कामांच्या आसपास राहून कामाची माहिती इकडून तिकडे नेते. मग तिच्यावर खर्च केलेल्या कोट्यवधी रुपयांचे नेमके काय झाले, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक संचालक मंडळापुढे येतो. संगणक विभागाचे प्रमुख नव्या प्रणालीची निकड पटवून देतात, वित्त विभागाचे प्रमुख परताव्याचा आकडा मागतात, आणि अखेरीस 'स्पर्धकांनी घेतली, आपण मागे का राहायचे' या एका युक्तिवादावर खरेदीला मंजुरी मिळते. प्रणाली सुरू झाल्यानंतर हिशेबाची फाइल सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. पैसा भागधारकांचा असो, ठेवीदारांचा असो वा करदात्यांचा, त्याचा जाब विचारण्याची रीत येथेच मोडते.

सोलो यांचे कोडे

या विषयावरील जागतिक चर्चेला 1987 साली तोंड फुटले. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी एका पुस्तक परीक्षणात संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, अशा आशयाचा शेरा मारला. अमेरिकी कंपन्या संगणकांवर प्रचंड खर्च करीत होत्या आणि तरीही दर तासामागील उत्पादनवाढीचा वेग 1970 च्या दशकापासून मंदावलेलाच होता. हे कोडे पुढे 'उत्पादकतेचा विरोधाभास' म्हणून ओळखले जाऊ लागले. पॉल स्ट्रासमन यांनी 1990 मध्ये कंपन्यांच्या आकडेवारीवरून आणखी एक अप्रिय निष्कर्ष मांडला. कंपनी संगणकांवर किती खर्च करते आणि ती किती नफा कमावते, या दोहोंत कोणताही ठोस संबंध आढळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

कोड्याचा एक भाग मापनातच दडला होता. एरिक ब्रिन्योल्फसन आणि लॉरिन हिट या संशोधकांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेची बेरीज बाजूला ठेवून 1987 ते 1991 या काळातील 367 मोठ्या अमेरिकी कंपन्यांची माहिती तपासली. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगणकांवरील गुंतवणुकीतून मिळणारे ढोबळ उत्पादन इतर भांडवलापेक्षा बरेच अधिक असल्याचे दिसून आले. ते सरासरी होते आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना मोठा फरक होता. सारखाच खर्च करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीला भरघोस लाभ होई आणि दुसरीच्या पदरी काहीच पडत नसे.

दुसरा भाग काळाचा होता. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये विजेच्या मोटारीचे उदाहरण पुढे केले. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र 1882 साली सुरू झाले, परंतु अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे मोठी झेप दिसली ती 1920 च्या दशकात. मधली चाळीस वर्षे कोठे गेली? आरंभी कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी विजेची मोटार बसविली. छतालगतचे लांब दांडे आणि पट्टे तसेच राहिले, इमारतही तीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार जोडता येते आणि मग यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता येतात, हे उमगून नव्या रचनेचे कारखाने उभे राहिले तेव्हाच विजेचे खरे मोल हाती आले. जुन्या पद्धतीच्या डोक्यावर नवा संगणक ठेवणाऱ्या कार्यालयांची गत वाफेच्या जागी मोटार बसविणाऱ्या कारखान्यांसारखीच होते.

लाभ झाला, पण कोणाला?

परतावा मोजताना आणखी एक गफलत होते. लाभ झाला म्हणजे तो गुंतवणूक करणाऱ्यालाच झाला, असे गृहीत धरले जाते. हिट आणि ब्रिन्योल्फसन यांनीच 1996 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात तीन मापे वेगळी केली. संगणकामुळे उत्पादकता वाढली का, नफा वाढला का आणि ग्राहकाचा फायदा झाला का, हे तीन स्वतंत्र प्रश्न होत. त्यांच्या आकडेवारीत पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी निघाले, नफ्यावर मात्र तसा परिणाम आढळला नाही.

याचे कारण स्पर्धेत आहे. 1987 साली मुंबईत देशातील पहिले एटीएम सुरू झाले तेव्हा ते त्या बँकेचे वैशिष्ट्य होते. पुढे सर्वच बँकांनी एटीएम बसविली आणि ते वैशिष्ट्य उरले नाही. ग्राहकाचा शाखेतील रांगेचा वेळ वाचला. बँकेला मात्र एटीएमपायी जादा नफा मिळेनासा झाला, आणि एटीएम नसते तर ग्राहक गमावले असते, एवढेच म्हणता येऊ लागले. म्हणजेच अशा गुंतवणुकीचे मूल्य 'किती कमावले' यापेक्षा 'किती गमावले नाही' यात शोधावे लागते, आणि तो आकडा ताळेबंदात कोठेच छापलेला नसतो.

रेल्वेच्या आरक्षण प्रणालीचे उदाहरण याहून बोलके आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या खिडक्या आणि हाताने भरलेली आरक्षणाची रजिस्टरे अशी व्यवस्था होती. दिल्लीत त्या सुमारास संगणकीकृत आरक्षण सुरू झाले आणि 1999 मध्ये देशातील आरक्षण केंद्रे परस्परांशी जोडली गेली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, आणि 2002 पासून इंटरनेटवरूनही ते काढता येऊ लागले. प्रवाशांचे किती तास वाचले असतील याची कल्पना करता येते, पण त्या तासांची नोंद रेल्वेच्या जमा-खर्चात होत नाही. केवळ तिकिटविक्रीच्या उत्पन्नावर या प्रणालीला तोलले तर तिच्यावर अन्याय होईल. सार्वजनिक सेवांतील गुंतवणुकीचा विचार करताना ग्राहकाच्या बाजूचा हा लाभ वेगळा मोजणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

खर्चाची खरी बेरीज

लाभ मोजणे अवघड आहे हे खरे, पण खर्च तरी नीट मोजला जातो का? गार्टनर या सल्लागार संस्थेने 1987 मध्ये 'मालकीचा एकूण खर्च' ही कल्पना पुढे आणली. संगणकाची खरेदी किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. देखभाल, दुरुस्ती, प्रशिक्षण, जुनी माहिती नव्या प्रणालीत भरणे, बंद पडल्यावर वाया जाणारे कामाचे तास आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने शिकविण्यात घालविलेला वेळ, हे सारे त्यात यायला हवे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, औषधांच्या एका घाऊक वितरकाच्या गोदामात सरासरी 10 कोटी रुपयांचा माल पडून असतो. साठ्याचे नियोजन करणारी संगणक प्रणाली घेतल्यास 8 कोटींच्या मालावर काम भागेल, असे विक्रेता सांगतो. 2 कोटी रुपये मोकळे झाले आणि बँकेचे व्याज 12 टक्के धरले, तर वर्षाला 24 लाखांची बचत झाली. परवान्याची किंमत 20 लाख आहे, म्हणजे वर्षभरातच पैसे वसूल, असा हिशेब विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असतो.

आता पूर्ण खर्च मांडून पाहू. यंत्रसामग्रीचे 8 लाख आणि जुन्या नोंदी स्वच्छ करणे व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचे 12 लाख धरले, तर आरंभीचा खर्च 40 लाखांवर जातो. देखभाल आणि एका तंत्रज्ञाचा पगार मिळून दरवर्षी 8 लाख लागतात, म्हणजे वर्षाची निव्वळ बचत 16 लाखांची. पैसे वसूल व्हायला अडीच वर्षे लागतील. आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो, म्हणून भावी बचत त्याच 12 टक्के दराने आजच्या किमतीत आणावी लागते. पाच वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे 57 लाख 70 हजार रुपये भरते. त्यातून 40 लाख वजा करता सुमारे 17 लाख 70 हजारांचा निव्वळ लाभ उरतो. गुंतवणूक तरीही फायद्याचीच दिसते.

परंतु अशा प्रकल्पांत विलंब हा अपवाद नसून नेहमीचा अनुभव आहे. समजा, पहिले वर्ष नोंदी जुळविण्यातच गेले. देखभालीचा खर्च सुरू झाला आणि बचत मात्र दुसऱ्या वर्षापासून दिसू लागली. एवढ्या एका बदलाने पाच वर्षांचा हिशेब सुमारे पावणेचार लाखांच्या तोट्यात जातो. येथे प्रणालीची किंमत बदललेली नाही, तिची गुणवत्ताही बदललेली नाही. बदलला आहे तो केवळ काळ. म्हणून परताव्याचा एकच आकडा मांडणाऱ्या प्रस्तावापेक्षा विलंब झाल्यास काय, बचत निम्मीच झाली तर काय, असे दोन-तीन आकडे शेजारी मांडणारा प्रस्ताव अधिक प्रामाणिक समजावा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रणालीने 'एवढा माल मागवू नका' असे सुचविले, पण खरेदी अधिकाऱ्याने सवयीप्रमाणे आणि कमी पडू नये म्हणून पूर्वीइतकाच माल मागविला, तर साठा 10 कोटींवरच राहील. प्रणाली उत्तम चालेल आणि बचत शून्य असेल.

वाचलेला वेळ आणि वाचलेला पैसा

संगणकीकरणाच्या प्रस्तावांतील सर्वांत लाडका आकडा वाचलेल्या वेळेचा असतो. दहा लिपिकांचा रोजचा अर्धा तास वाचला म्हणजे पाच तास वाचले. पाच तासांना पगाराने गुणले की रुपयांतील बचत तयार! पण महिनाअखेरीस दहाही जणांना पगार तेवढाच द्यावा लागतो. तो अर्धा तास चहाच्या टेबलावर गेला, तर कंपनीच्या हाती काहीच लागत नाही. त्या वेळात थकलेली बिले वसूल झाली, ग्राहकांच्या तक्रारी लवकर निकालात निघाल्या, किंवा काम वाढूनही नवी भरती करावी लागली नाही, तरच वेळेचे पैशात रूपांतर होते. प्रस्तावात वेळेच्या बचतीचा उल्लेख असेल तेव्हा त्या वेळेचे पुढे काय करणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा असतो, कारण त्याचे उत्तर कधी कधी कपात हे असते. ते आधी उघडपणे सांगितलेले बरे, अन्यथा प्रणाली वापरण्यास होणारा मूक विरोध तिचा लाभ खाऊन टाकतो.

सर्वांना एकच फूटपट्टी नको

प्रत्येक गुंतवणुकीला एकाच मापाने तोलणेही योग्य नाही. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर वाईल आणि मेरियन ब्रॉडबेंट यांनी 1998 मध्ये अशा गुंतवणुकीचे चार भाग पाडले. पहिला पायाभूत सुविधांचा, म्हणजे जाळे, सर्व्हर, सुरक्षा यांचा. दुसरा नेहमीचे व्यवहार स्वस्तात करून देणाऱ्या प्रणालींचा, जसे पगारपत्रक वा बिले. तिसरा निर्णयासाठी माहिती पुरविणाऱ्यांचा आणि चौथा स्पर्धेत पुढे नेणाऱ्या नव्या कल्पनांचा. पगारपत्रकाच्या प्रणालीकडून खर्चातील घट मागणे रास्त आहे. पायाभूत सुविधेचा परतावा मात्र रस्त्यासारखा असतो. रस्ता स्वतः कमावीत नाही, त्यावरून धावणारी वाहने कमावतात. नव्या कल्पनेत बुडण्याची शक्यता मोठी, म्हणून तेथे थोडक्या पैशात लहान प्रयोग करून पाहावा आणि जमले तरच पुढे जावे, हे शहाणपणाचे.

फसलेले प्रयोग

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलर खर्चून जुलै 1999 मध्ये एकाच वेळी तीन मोठ्या प्रणाली सुरू केल्या. हॅलोविनच्या सणाची मागणी तोंडावर आलेली होती. गोदामांत माल होता, पण मागण्यांच्या नोंदी प्रणालीत अडकल्या आणि 10 कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल वेळेवर पोहोचला नाही. त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घटला. चूक संगणकात शोधण्यापेक्षा वेळापत्रकात शोधणे अधिक योग्य होते. मूळ आराखड्यातील कालावधी कमी करून चाचणी आणि प्रशिक्षण आटोपते घेतले गेले होते.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा महाकाय संगणकीकरण कार्यक्रम 2002 साली सुरू झाला आणि अब्जावधी पौंड खर्च होऊन 2011 मध्ये तो गुंडाळण्याची घोषणा झाली. डॉक्टर आणि रुग्णालये कसे काम करतात, हे पुरेसे न विचारताच वरून एकसारखी प्रणाली लादली गेली, ही त्यावरील प्रमुख टीका होती.

यंत्रामागची व्यवस्था

एकाच खर्चातून एकाला लाभ आणि दुसऱ्याला तोटा का, याचे उत्तर या कथांतून हळूहळू स्पष्ट होते. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील कंपन्यांची तुलना केली. त्याच देशात, तशीच यंत्रणा वापरूनही अमेरिकी मालकीच्या कंपन्यांना माहिती तंत्रज्ञानातून अधिक उत्पादकता मिळत होती. फरक होता तो माणसे नेमण्याच्या, बढती देण्याच्या आणि कामाचे मोजमाप करण्याच्या पद्धतींत.

ब्लूम यांच्याच गटाचा एक प्रयोग महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. मुंबईजवळील तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतील उंबरगाव भागातील 17 कापड कंपन्यांमध्ये त्यांनी व्यवस्थापनाच्या साध्या पद्धती आणून पाहिल्या. मागांची नियमित देखभाल, दोषांची रोजची नोंद, सुताच्या साठ्याचा हिशेब अशा त्या गोष्टी होत्या. काही गिरण्यांना सल्लागारांची पूर्ण मदत मिळाली, काहींना केवळ प्राथमिक तपासणी, म्हणजे तुलनेची सोयही झाली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण मदत मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. विशेष म्हणजे त्यांच्यातील संगणकाचा वापरही वाढला. नोंदी ठेवायच्या ठरल्या, तेव्हा त्या ठेवणारे साधन उपयोगी पडले. उलट क्रमाने, साधन आधी आणि नोंदीची शिस्त नंतर, असा प्रवास क्वचितच यशस्वी होतो.

मोजमापाची रीत

मग व्यवहारात करावे काय? पहिली गोष्ट, खरेदीपूर्वीची स्थिती मोजून ठेवावी. बिल निघायला आज किती दिवस लागतात, हे माहीत नसेल तर उद्या किती वाचले ते कळणार नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक लाभाला नावानिशी मालक असावा आणि तो संगणक विभागातला नसावा. साठा कमी करण्याचे उत्तरदायित्व खरेदी प्रमुखाचे, वसुली वाढविण्याचे लेखा प्रमुखाचे. तिसरी, प्रणाली सर्व शाखांत एकाच दिवशी न आणता टप्प्याटप्प्याने आणावी. त्यामुळे धोका कमी होतो आणि जिथे ती आली आहे व जिथे यायची आहे, त्यांची तुलना करता येते.

टप्प्यांमुळे मोजमाप किती नेमके होऊ शकते, हे केरळच्या किनाऱ्यावर दिसले. तेथे 1997 ते 2001 या काळात मोबाइल सेवा एकेका पट्ट्यात येत गेली. रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी पकडलेल्या मासळीपैकी 5 ते 8 टक्के ग्राहकाअभावी वाया जात असे. कोणत्या बंदरावर भाव आहे हे समुद्रातूनच विचारता येऊ लागल्यावर ही नासाडी जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकासाठी मासळी सुमारे 4 टक्क्यांनी स्वस्त झाली.

चौथी गोष्ट सर्वांत कमी पाळली जाते. प्रणाली सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा दोन वर्षांनी मूळ प्रस्ताव उघडून प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावा. उद्देश कोणाला दोषी ठरविण्याचा नसावा. पुढच्या प्रस्तावातील आकडे अधिक सावधपणे मांडले जावेत, एवढाच असावा.

तोच प्रश्न, नवे यंत्र

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज होणाऱ्या खर्चामुळे हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. ग्राहक सेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाचा 2023 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, अशा साहाय्यकामुळे तासाला सोडविलेल्या तक्रारी सरासरी 14 टक्क्यांनी वाढल्या. नवशिक्यांच्या बाबतीत ही वाढ एक तृतीयांशाच्या आसपास होती आणि अनुभवी माणसांच्या बाबतीत नगण्य. उलट एमईटीआर या अमेरिकी संशोधन संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरांवर केलेल्या प्रयोगात, त्या वेळची साधने वापरताना त्यांना कामाला 19 टक्के अधिक वेळ लागल्याचे आढळले. काम संपल्यावरही आपण सुमारे 20 टक्के वेगाने काम केले, अशीच त्यांची समजूत होती.

वेग वाढल्याची भावना आणि प्रत्यक्ष वाढलेला वेग यांत एवढे अंतर पडू शकते. मोठ्या खर्चाचे समर्थन केवळ भावनेवर करणाऱ्या प्रत्येक संस्थेने या आकड्याची नोंद घ्यायला हवी. यंत्र विकत घेता येते. त्याच्याभोवतीची कामाची पद्धत बदलण्याचे कष्ट मात्र स्वतःच घ्यावे लागतात, आणि परतावा मिळतो तो बहुतांशी त्या कष्टांचा.